संगणकाची स्मृती, ड्रायव्हर आणि एक अपुरा अहवाल

काही महिन्यांपूर्वी भोकर येथे तालुक्यातील विज्ञान शिक्षकांपुढे संगणकाविषयी बोलण्याचा योग आला. भाषण संपल्यावर मागच्या बाकावरून एक शिक्षिका उठल्या आणि म्हणाल्या, "सर, आमच्या शाळेतला संगणक मधूनच निळा पडदा दाखवतो आणि बंद पडतो. त्या वेळी जो मुलगा समोर बसलेला असेल त्याला आम्ही रागावतो. पेन ड्राइव्ह लावलास का, काय दाबलंस, म्हणून विचारतो. पण चूक दर वेळी वापरणाऱ्याचीच असते का हो?"

आम्ही त्या वेळी थोडक्यात उत्तर दिले आणि वेळ संपल्यामुळे सभा आटोपली. परतीच्या प्रवासात मात्र हा प्रश्न डोक्यातून जाईना. त्याला कारणही होते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत एक मापनयंत्र संगणकाला जोडायचे होते आणि त्यासाठी लागणारा छोटासा ड्रायव्हर आम्हीच 'सी' भाषेत लिहिला होता. यंत्र दोन-दोन दिवस नीट चाले आणि मग अचानक संगणक गोठे. आम्ही एका संशोधक विद्यार्थ्याला दोन महिने दोष देत होतो. शेवटी चूक सापडली ती आमच्याच आज्ञावलीत. मोजमापांसाठी १०२४ घरे राखून ठेवली होती आणि आम्ही १०२५ व्या घरातही लिहीत होतो. त्या विद्यार्थ्याची आम्ही क्षमा मागितली, पण त्याचे दोन महिने काही परत आले नाहीत.

म्हणून त्या शिक्षिकेच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे असे वाटले. त्यासाठी आम्ही एक अहवाल समोर ठेवणार आहोत. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील सायबर सुरक्षा विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो प्रसिद्ध केला. विषय नेमका हाच: संगणकाच्या स्मृतीची, म्हणजे मेमरीची, मर्यादा ओलांडणाऱ्या चुका आणि त्यांचा बंदोबस्त. अहवाल लहान आहे, सोपा आहे आणि त्याची भूमिका बऱ्याच अंशी योग्य आहे. तरीही तो वाचून आमचे समाधान झाले नाही. का, ते पुढे सांगतो.

अहवालाचे म्हणणे

अहवालाचे म्हणणे तीन वाक्यांत सांगता येईल. पहिले, सुरक्षिततेचा भार सामान्य वापरणाऱ्याच्या खांद्यावरून काढून जे संगणकप्रणाली तयार करतात त्यांच्यावर टाकला पाहिजे. दुसरे, प्रणालींमधील गंभीर दोषांचा फार मोठा वाटा स्मृतीच्या चुकांचा आहे, आणि एकेक चूक दुरुस्त करत बसण्यापेक्षा ती जातच नाहीशी केली पाहिजे. तिसरे, त्यासाठी सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे अशा चुका होऊच न देणाऱ्या भाषांमध्ये आज्ञावली लिहिणे.

यांतील दुसऱ्या मुद्द्याला भक्कम आधार आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये सांगितले होते, की दरवर्षी त्यांच्या प्रणालींत नोंदवल्या जाणाऱ्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या चुकांचे असतात. पहिल्या मुद्द्याबद्दल तर आम्ही अहवालाचे मनापासून अभिनंदन करू. आपल्याकडे संगणक सुरक्षा म्हणजे 'अनोळखी मेल उघडू नका, विषाणूरोधक आज्ञावली बसवा' एवढाच धडा दिला जातो. तो धडा चुकीचा नाही. पण तो एवढाच दिला, की घराच्या भिंतीला भगदाड असताना कडी नीट लावली नाही म्हणून घरच्यांनाच बोल लावण्यासारखे होते.

ड्रायव्हर म्हणजे काय?

आता थोडे मुळाशी जाऊ. संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक दिलेल्या घरांची एक प्रचंड लांब रांग. प्रत्येक आज्ञावलीला या रांगेतील काही घरे वापरायला दिलेली असतात. कोणाला किती घरे द्यायची, कोणी कोणाच्या घरात डोकावायचे नाही, हे पाहण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा करतो. त्याला कर्नेल म्हणतात. आपण पत्र टंकित करण्यासाठी वापरतो ती आज्ञावली चुकून दुसऱ्याच्या घरात शिरू लागली, तर कर्नेल तिला तिथेच थांबवतो. ती एक आज्ञावली बंद पडते, बाकीचा संगणक चालू राहतो.

ड्रायव्हर म्हणजे संगणकाला जोडलेल्या यंत्राशी बोलणारी आज्ञावली. प्रिंटर, पडदा, ध्वनी, जाळ्याची तार, पेन ड्राइव्ह, या प्रत्येकाची बोली वेगळी. ती बोली कर्नेलला समजावून सांगणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. यंत्राशी झटपट आणि थेट बोलता यावे म्हणून यांतील पुष्कळसे ड्रायव्हर कर्नेलच्या आतच बसवण्याची पद्धत पडली. शाळेची उपमा द्यायची तर मुख्याध्यापकांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा बाहेरून आलेल्या प्रत्येक कारागिराच्या हाती देण्यासारखे हे आहे. कारागीर प्रामाणिक असेलही, पण त्याच्या हातून चूक झाली तर ती एका खोलीपुरती राहत नाही.

शिवाय कर्नेल लिहिणारे मोजके, अनुभवी लोक असतात. ड्रायव्हर मात्र यंत्र विकणाऱ्या शेकडो कंपन्या लिहितात, तेही यंत्र बाजारात आणण्याच्या घाईत. याचा परिणाम मोजला गेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची तपासणी केली, तेव्हा ड्रायव्हरमधील चुकांचे प्रमाण कर्नेलच्या इतर भागांच्या तुलनेत तिपटीपासून सातपटीपर्यंत अधिक आढळले. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांच्या २००३ सालच्या निबंधात विंडोज एक्सपी कोलमडण्याच्या घटनांपैकी ८५ टक्के घटना ड्रायव्हरमुळे होतात असा आकडा दिला आहे. तेव्हा निळ्या पडद्याचे पहिले संशयित कोण, हे आता लक्षात येईल.

स्मृतीच्या चुका साधारणपणे दोन प्रकारच्या. पहिला प्रकार जागेचा: दिलेल्या घरांच्या पलीकडे वाचणे किंवा लिहिणे. आमची १०२५ व्या घराची चूक याच जातीची. दुसरा प्रकार काळाचा: घर सोडून दिल्यावरही जुनी किल्ली वापरणे. समजा, विद्यार्थ्याने पेन ड्राइव्ह मध्येच उपटला. ड्रायव्हरने त्यासाठी घेतलेली घरे कर्नेलला परत केली. पण फाइल वाचणारी आज्ञावली अजून जुनाच पत्ता धरून बसली आहे. दरम्यान ती घरे दुसऱ्या कोणाला दिली गेली, की झाला घोटाळा. पेन ड्राइव्ह उपटणे ही विद्यार्थ्याची घाई झाली. पण त्यामुळे सगळा संगणक कोसळणे हा ड्रायव्हरचा दोष. यंत्र मध्येच काढले जाईल हे गृहीत धरूनच ड्रायव्हर लिहायला हवा होता.

न्हावाशेवा, २०१७

आता अहवालावरील आमच्या पहिल्या आक्षेपाकडे येतो. स्मृतीच्या चुकांमुळे झालेल्या गाजलेल्या घटनांची एक यादी अहवालाच्या आरंभी दिली आहे. तिच्यात १९८८ चा मॉरिस वर्म, २००३ चा स्लॅमर, २०१४ चा हार्टब्लीड, २०१६ चा ट्रायडेंट आणि २०२३ चा ब्लास्टपास अशी पाच नावे आहेत. महाराष्ट्रातील वाचकाला ज्या घटनेची झळ प्रत्यक्ष बसली, ती मात्र या यादीत नाही.

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाची घातक आज्ञावली जगभर पसरली. तिचा उगम युक्रेनमध्ये. तेथे कर-हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका आज्ञावलीच्या सुधारित आवृत्तीतच ती मिसळण्यात आली होती. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या युक्रेनमधील कार्यालयात तो हिशेबाचा कार्यक्रम होता. तेथून कंपनीच्या जाळ्यातून ती जगभरच्या बंदरांत पोहोचली. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, म्हणजे आपल्या न्हावाशेवाच्या, एका टर्मिनलचे कामकाज मर्स्क समूहाकडे होते. वर्षाला सुमारे १८ लाख कंटेनर हाताळण्याची क्षमता असलेल्या त्या टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि हाताने काम रेटण्याची पाळी आली. देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदराची ही गत झाली. मर्स्कला नंतर ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये सांगितले.

लक्षात घ्या, न्हावाशेवाच्या टर्मिनलवर कोणी अनोळखी मेल उघडल्यामुळे हे घडले नाही. मग आज्ञावली आत शिरली कशी? तिच्याकडे दोन साधने होती. एक, संगणकाच्या स्मृतीत राहिलेले परवलीचे शब्द चोरणे. दुसरे, 'इटर्नलब्लू' या नावाने ओळखले जाणारे हत्यार आणि त्याच जातीचे आणखी एक. इटर्नलब्लू ज्या दोषावर आधारलेले होते तो विंडोजच्या एका ड्रायव्हरमध्ये होता. हा ड्रायव्हर प्रिंटरसारख्या यंत्राचा नव्हे. जाळ्यातील इतर संगणकांना फाइली पुरवण्याचे काम तो करतो. पण तो ड्रायव्हर म्हणूनच कर्नेलच्या आत बसवलेला असतो आणि किल्ल्यांचा सगळा जुडगा त्याच्याही हातात असतो.

तो दोष कळायला मुळीच अवघड नाही. फाइलींच्या गुणधर्मांची एक यादी बाहेरून येते आणि ती जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत उतरवून घ्यायची असते. ही जुनी पद्धत ओएस/२ या केव्हाच मागे पडलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या काळातली. यादीत काही नोंदी सदोष असतील तर त्या गाळून यादीची लांबी कमी करायची, हा नियम. लांबीचा आकडा ३२ बिटांचा. तो १६ बिटांच्या दोन अर्ध्यांचा बनलेला असतो. ड्रायव्हर नवी लांबी लिहिताना फक्त खालचा अर्धा भाग लिहीत असे आणि वरच्या अर्ध्याला हातच लावत नसे.

हे आपल्या दशमान पद्धतीत पाहू. वहीत १००० असा आकडा आहे आणि तो दुरुस्त करून ९८५ करायचा आहे. लेखनिकाने फक्त शेवटचे तीन अंक खोडून तिथे ९८५ लिहिले आणि हजारस्थानचा १ तसाच ठेवला. झाले १९८५! कमी करायला गेलेला आकडा जवळजवळ दुप्पट झाला. प्रत्यक्षात ६५,५३६ चे ६५,३७३ व्हायचे, तिथे १,३०,९०९ झाले. पुढचा प्रकार असा, की नव्या यादीसाठी जागा घेतली ती खऱ्या, लहान हिशेबाने आणि मजकूर उतरवला तो चुकीच्या, मोठ्या आकड्याप्रमाणे. म्हणजे बाके मांडली ९८५ मुलांसाठी आणि वर्गात सोडली १९८५. जादा मुले शेजारच्या वर्गात शिरणारच. आणि शेजारच्या वर्गात काय बसवायचे हे बाहेरचा माणूस ठरवू शकत असेल, तर संगणक त्याच्या ताब्यात गेला असे समजावे.

ही चूक अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सी या सरकारी संस्थेला ठाऊक होती आणि तिने तिचे हत्यार बनवले. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती प्रसिद्ध केली. एका महिन्याने, १४ एप्रिलला, ते हत्यार चोरून जाहीर करण्यात आले. १२ मे रोजी 'वॉनाक्राय'ने त्याचा वापर करून ब्रिटनमधील रुग्णालये ठप्प केली आणि २७ जूनला न्हावाशेवाची पाळी आली. अमेरिका आणि ब्रिटन यांनी २०१८ मध्ये नॉटपेट्याबद्दल रशियाच्या लष्कराला जबाबदार धरले. हत्यार चालवणारे कोण यावर जग बोलले. दोष माहीत असून तो निर्मात्याला वेळीच न सांगता तिजोरीत ठेवणे, हीदेखील जबाबदारी आहे. प्रणाली तयार करणाऱ्यांना उपदेश करणाऱ्या अहवालाने, ज्या घटनेत स्वतःच्या सरकारचाही हात पोळला होता, तिचे नाव आपल्या यादीत घ्यायला हवे होते. ते नाही, हा अहवालाचा प्रामाणिकपणातला उणेपणा आहे असे आम्हाला वाटते.

याच घटनेतून दुसरी गोष्टही दिसते. दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यापासून न्हावाशेवा बंद पडेपर्यंत १०५ दिवस गेले होते. दुरुस्ती निघणे वेगळे आणि ती प्रत्येक संगणकापर्यंत पोहोचणे वेगळे. जी पोहोचली तिथेही परवलीच्या शब्दांची चोरी हा दुसरा मार्ग उघडाच होता. तेव्हा 'एक दुरुस्ती केली असती तर सर्व टळले असते' असेही म्हणता येत नाही. एकेक चूक बुजवत जाणे पुरेसे नाही, हे अहवालाचे म्हणणे येथे उलट पक्केच होते.

भाषा बदलली की भागले?

आता उपायाकडे वळू. 'सी' ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत तयार केली. संगणकाच्या स्मृतीला थेट हात घालू देणारी, आटोपशीर आणि वेगवान अशी ही भाषा. आज वापरात असलेल्या बहुतेक ऑपरेटिंग सिस्टीमांचा गाभा तिच्यातच किंवा तिच्या वंशातील भाषेत आहे. ती तुम्ही १०२४ घरांच्या पलीकडे जात आहात का हे विचारत नाही. ते पाहणे तुमचे काम.

ही अडचण कोणाच्या लक्षातच आली नव्हती असे मात्र नाही. टोनी होअर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९८० साली ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात एक आठवण सांगितली आहे. १९६० च्या दशकात त्यांनी तयार केलेल्या भाषांतरकात प्रत्येक घराचा क्रमांक मर्यादेत आहे ना, याची तपासणी होत असे. वेग वाढवण्यासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय द्यावी का, असे त्यांनी ग्राहकांना विचारले. ग्राहकांनी एकमुखाने नको म्हणून सांगितले. पुढच्या काळात वेगाच्या आणि महागड्या स्मृतीच्या दडपणाखाली हा शहाणपणा मागे पडला. त्या काळातील यंत्रे पाहता 'सी'च्या निर्मात्यांना नावे ठेवणे अन्यायाचे होईल. आज स्मृती स्वस्त झाल्यावरही तीच सवय चालू ठेवणे मात्र समर्थनीय नाही.

अहवाल ज्या भाषांचा पुरस्कार करतो त्यांपैकी कर्नेलच्या कामाला चालेल अशी भाषा म्हणजे रस्ट. तिची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये आली. तिची युक्ती शाळेच्या ग्रंथालयातील नियमासारखी आहे. प्रत्येक पुस्तक एका वेळी एकाच्याच नावावर. इतरांना ते उसने देता येते, पण एक तर अनेकांनी फक्त वाचायचे, नाही तर एकानेच त्यात लिहायचे. दोन्ही एकदम नाही. आणि ज्याच्या नावावर पुस्तक आहे त्याने ते परत केल्यावर कोणाकडेही उसनी प्रत राहता कामा नये. हे नियम मोडणारी आज्ञावली चालवण्यापूर्वीच नाकारली जाते. उपटलेल्या पेन ड्राइव्हची जुनी किल्ली इथे बहुतेक वेळा आधीच पकडली जाईल. घराच्या क्रमांकाची मर्यादा ओलांडली तर आज्ञावली चालू असताना ती पकडली जाईल.

लिनक्समध्ये रस्ट वापरण्याची सोय डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि पहिले छोटे ड्रायव्हर २०२४ मध्ये दाखल झाले. डिसेंबर २०२५ मध्ये लिनक्सच्या प्रमुख सांभाळकर्त्यांनी हा प्रयोग यशस्वी ठरला असे मानून त्यावरील 'प्रायोगिक' हा शिक्का काढण्याचे ठरवले. येथवर सर्व ठीक. पण ड्रायव्हरच्या बाबतीत भाषेच्या या उपायाला तीन मर्यादा आहेत. अहवाल कर्नेलजवळच्या कामाचा विचार करतो तो मुख्यत्वे अवकाशयानांच्या निमित्ताने. शाळेतल्या आणि बंदरातल्या संगणकाच्या ड्रायव्हरला हव्या त्या खोलीने तो भिडत नाही.

पहिली मर्यादा अशी, की ड्रायव्हरला कुठेतरी यंत्राच्या प्रत्यक्ष घरांत हात घालावाच लागतो. तेवढा भाग रस्टमध्ये 'असुरक्षित' अशी खूण करून लिहिला जातो आणि तिथे भाषा आपला पहारा सैल करते. लिनक्सच्या रस्टमधील भागात सुरक्षादोष म्हणून नोंदवली गेलेली पहिली चूक डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली. ती एका ड्रायव्हरमध्येच आणि अशा खूण केलेल्या भागाशीच निगडित होती. यातून रस्ट निरुपयोगी ठरत नाही. लाखो ओळींऐवजी खूण केलेल्या थोड्या ओळी बारकाईने तपासायच्या, हा मोठाच लाभ आहे. पण जात समूळ नाहीशी झाली, हे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरते.

दुसरी मर्यादा यंत्राची. डिस्क किंवा जाळ्याचे कार्ड कर्नेलला न विचारता थेट स्मृतीत मजकूर लिहू शकते. त्याला चुकीचा पत्ता दिला गेला तर कोणत्याही भाषेचा नियम त्या कार्डाला लागू होत नाही. त्यासाठी यंत्र आणि स्मृती यांच्यामध्ये वेगळा पहारेकरी बसवावा लागतो. असे पहारेकरी आजच्या बहुतेक संगणकांत असतात, पण ते वापरायचे की नाही हे ऑपरेटिंग सिस्टीमवर अवलंबून.

तिसरी मर्यादा आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांना एक नवी माहिती-फाइल पाठवली. कंपनीचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नेलमध्ये बसतो. नव्या फाइलीला २१ नोंदी तपासायच्या होत्या आणि ड्रायव्हरजवळ होत्या २०. हजेरीपटावर २० नावे असताना २१ वा क्रमांक पुकारावा तसे झाले. ड्रायव्हरने नसलेले घर वाचले आणि संगणक कोसळला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणकांवर निळा पडदा आला. मुंबईत उड्डाणांना उशीर झाला आणि देशातील काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देण्यात आले.

आता विचार करा. हा ड्रायव्हर रस्टमध्ये असता तर काय झाले असते? २१ वे घर नाही हे भाषेने ओळखले असते आणि परक्या स्मृतीचे वाचन झाले नसते. पण पुढे काय करायचे? लिहिणाऱ्याने 'नोंद नसेल तर काय' याचे उत्तर लिहून ठेवले असते तर काम चालू राहिले असते. रस्ट तसे लिहायला उत्तेजन देते हे खरे. पण त्याने सरळ २१ वे घर मागितले असते तर भाषेने आज्ञावली तिथल्या तिथे थांबवली असती. आणि कर्नेलच्या आत थांबणे म्हणजे पुन्हा संगणक बंदच! चोराला आत येता येणार नाही, हे भाषा साधते. एका कारागिराला भोवळ आली तरी शाळा चालू राहावी, हे भाषा एकटी साधत नाही. त्यासाठी कारागिराला किल्ल्यांचा जुडगा न देता वेगळ्या खोलीत बसवावे लागते, म्हणजे ड्रायव्हर कर्नेलच्या बाहेर काढावा लागतो. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी मिनिक्स-३ या प्रणालीत २००५ पासून हेच करून दाखवले आहे. तेथे ड्रायव्हर कोसळला तर तेवढाच पुन्हा सुरू करता येतो. मायक्रोसॉफ्टनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरक्षा आज्ञावली कर्नेलबाहेर चालवण्याची सोय करण्याचे जाहीर केले. यासाठी वेगाची थोडी किंमत मोजावी लागते. शाळेच्या संगणकाला ती परवडण्यासारखी आहे.

जुन्या घराचे काय?

कोणी म्हणेल, मग जुने सर्व ड्रायव्हर टाकून नवे लिहावेत का? ते शक्य नाही आणि गरजेचेही नाही. येथे अँड्रॉइड या मोबाइलवरील प्रणालीचा अनुभव उद्बोधक आहे. गूगलने तेथे जुनी आज्ञावली पुन्हा लिहिण्याऐवजी नवी आज्ञावली शक्य तेवढी सुरक्षित भाषांत लिहिण्याचे धोरण ठेवले. सुरक्षादोषांमधील स्मृतीच्या चुकांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. याचे कारण असे, की बहुतेक दोष नव्या किंवा नुकत्याच बदललेल्या भागात असतात. जुना भाग वापरात राहून आणि दुरुस्त होत होत मुरत जातो. लिनक्सच्या ड्रायव्हरांचेही असेच दिसले. २००१ च्या अभ्यासाची २०११ मध्ये पुनरावृत्ती झाली, तेव्हा ड्रायव्हरमधील चुकांचे प्रमाण पुष्कळ घटलेले आढळले.

आज्ञावली न चालवता नुसत्या वाचून चुका शोधणारी साधनेही या कामात उपयोगी पडली आहेत. मायक्रोसॉफ्टमध्ये थॉमस बॉल आणि श्रीराम राजमणी यांनी सुरू केलेल्या संशोधनातून असेच एक साधन निघाले. कुलूप लावले ते काढले का, अशा नियमांवर ते ड्रायव्हर तपासते.

मुरण्याचा हा नियम सर्वत्र लागू पडतो असे मात्र समजू नये. इटर्नलब्लूचा दोष जुन्याच आज्ञावलीत होता आणि वर्षानुवर्षे कोणाला दिसला नव्हता. ज्या कोपऱ्यात कोणी फिरकत नाही तो मुरत नाही, नुसता जुना होतो. म्हणून जे वापरात नाही ते काढून टाकणे हाही एक उपाय आहे, आणि तो सर्वांत स्वस्त आहे.

शाळेसाठी

अहवाल सरकारे आणि कंपन्या यांच्यासाठी लिहिलेला आहे. शाळेपर्यंत तो येत नाही. तेव्हा ते काम आपण करू. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपल्या भागातील पुष्कळ शाळांत हेच संगणक आहेत. आधार संपला म्हणजे संगणक उद्या बंद पडेल असे नाही. पण पुढे सापडणाऱ्या भगदाडांना कोणी बुजवणार नाही. असे संगणक शक्य तर इंटरनेटपासून वेगळे ठेवावेत, नाही तर त्यांवर आजही सुधारणा मिळत असलेली लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती घालावी. यंत्राचा ड्रायव्हर कंपनीच्या किंवा ऑपरेटिंग सिस्टीमच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा, बाजारात फिरणाऱ्या सीडीवरून नको. आणि निळा पडदा आला तर त्यावरील अक्षरे पुसली जाण्यापूर्वी वहीत टिपून ठेवावीत. पुष्कळदा त्यांत दोषी ड्रायव्हरचे नाव असते.

वर्गात करून पाहण्यासारखा एक खेळ सुचवतो. फळ्यावर दहा चौकोन आखा. पहिले सहा एका मुलाचे, पुढचे चार दुसऱ्याचे. दुसऱ्याच्या चौकोनांत 'दार बंद' असे लिहा, प्रत्येक चौकोनात एक अक्षर: दा, र, बं, द. आता पहिल्या मुलाला आठ अक्षरांचा एक शब्द सांगा आणि न थांबता एकेका चौकोनात एकेक अक्षर लिहायला सांगा. त्याची शेवटची दोन अक्षरे शेजाऱ्याचे 'दा' आणि 'र' पुसून टाकतील. मग विचारा, चूक कोणाची? लिहिणाऱ्याची, शब्द सांगणाऱ्याची, की सहाव्या चौकोनापाशी रेघ न आखणाऱ्याची? नववीच्या मुलांत यावर चांगला वाद होतो असा आमचा अनुभव आहे. शेवटी बहुतेक जण रेघेपाशी येतात.

भोकरच्या त्या शिक्षिकेच्या प्रश्नाला आमचे उत्तरही तेच आहे. चूक दर वेळी वापरणाऱ्याची नसते. निळ्या पडद्याच्या बाबतीत तर ती बहुधा त्याची नसतेच. अहवालाने जबाबदारीचे बोट योग्य दिशेला वळवले, हे त्याचे श्रेय. पण त्याची घटनांची यादी अपुरी आहे आणि ड्रायव्हरसाठी एकट्या भाषेवर एवढा भार टाकणे पुरेसे नाही. पुढच्या वेळी शाळेतला संगणक कोसळला, तर समोर बसलेल्या मुलाला रागावण्याआधी त्याच्याकडून पडद्यावरची अक्षरे टिपून घ्यावीत, एवढी विनंती.